गुरुलिंगअप्पांची दोन रकान्यांची वही

गुरुलिंगअप्पांच्या किराणा दुकानात बिस्किटं मिळत नसत. बाकी सगळं मिळे. खडीसाखर, सुतळी, कंदिलाच्या काचा, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, बाळंतिणीसाठी डिंक आणि हळीव. पण शाळा सुटल्यावर एखादं पोर बिस्किटाच्या पुड्यासाठी फळीवर चढलं, की अप्पा मान वर न करता म्हणत, "म्होरल्या दुकानात हाय." म्होरलं दुकान त्यांच्या चुलतभावाचं होतं. अप्पा भावाचं गिऱ्हाईक तोडत नाहीत, असं गावाने त्यावरून ठरवून टाकलं होतं. मलाही रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हेच सांगण्यात आलं, आणि मी ते बरीच वर्षं खरं धरून चालले.

गाव म्हणजे माझ्या नोकरीचं गाव. मी मूळची लिंबागणेशची. नेमणूक मिळाली ती बीड जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कडा गावाच्या पुढे, जिथून नगर जिल्ह्याची हद्द चालत गाठता येते तिथे. शाळेत मराठी शिकवायचं आणि अप्पांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायचं. अप्पा तेव्हा सत्तरीच्या घरात होते. धोतर, बिनकॉलरचा सदरा, डोक्यावर टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि गळ्यात लिंगाची चांदीची डबी. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक, आणि चौकशा मात्र दांडग्या. पहिल्या आठ दिवसांत त्यांनी माझ्याकडून लिंबागणेशच्या बारवेला पायऱ्या किती, खडू कशाचा करतात, आणि माझ्या वडिलांनी विडी कोणत्या वर्षी सोडली, हे सगळं काढून घेतलं. पायऱ्या मला सांगता आल्या नाहीत तर म्हणाले, "लहानपन सगळं तिथं गेलं अन् मोजल्या न्हाईत?" मला खरोखर लाज वाटली. पुढच्या सुट्टीत मी जाऊन मोजून आले.

गाव त्यांना पाठीमागे 'चौकशी खिडकी' म्हणायचं. एस.टी. स्टँडवर असते तशी. फरक इतकाच, की तिथे आपण विचारतो आणि इथे खिडकीच आपल्याला विचारायची.

त्यांचा एक प्रश्न मात्र सगळ्यांच्या वरचा होता. तो मला पहिल्याच सप्टेंबरात ऐकायला मिळाला. सतरा सप्टेंबर हा आमच्याकडे मुक्तिसंग्राम दिन. देश सत्तेचाळीस साली स्वतंत्र झाला, पण आम्ही निजामाच्या राज्यात, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत मोगलाईत, तेरा महिने अडकून पडलो. निजामाच्या बाजूने रझाकार हत्यारं घेऊन गावोगाव फिरत होते. मग हैदराबादेवर भारताची फौज आली आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. सरकार त्याला पोलीस ॲक्शन म्हणालं आणि गाव नुसतं 'ॲक्शन' म्हणतं. दरवर्षी त्या दिवशी शाळेत झेंडा, भाषण आणि जुन्या घराण्यांचा सत्कार असतो. नवी मराठीची बाई आली म्हटल्यावर भाषण माझ्या गळ्यात पडलं. मी चार पानं लिहून काढली आणि, बोलण्यात जरा शेखी मिरवायची सवय असल्यामुळे, अप्पांना वाचून दाखवायला दुकानात गेले.

"'रझाकारांनी गावोगावी थैमान घातले,'" मी पहिलंच वाक्य वाचलं.

"हे पाह्यलं का ऐकलं?"

"अप्पा, माझा जन्म तरी होता का तेव्हा?"

"मंग ऐकलं. कुनाकडून?"

"पुस्तकात वाचलं."

"त्या पुस्तकवाल्यानं पाह्यलं का ऐकलं?"

चार पानांचं भाषण तासाभरात दीड पानावर आलं. थैमान गेलं, रक्ताचे पाट गेले, आणि धगधगती मशाल तर त्यांनी सगळ्यात आधी विझवली. त्या जागी त्यांनी मला स्वतः पाहिलेलं दिलं. रझाकार दुकानात शिरले तेव्हा चुलत्याला मानगुटीला धरून फळीवरून ओढलं होतं. गुळाच्या ढेपा रस्त्यावर फेकून वरून घोडी चालवली होती. चुलत्याचा उजवा कान त्यानंतर कायमचा गेला. शेजारच्या गावचा कडबा दोन दिवस जळत होता, आणि त्याचा वास अंथरुणात येत होता. मग सगळं घर ओढ्याच्या वाटेने नगरच्या हद्दीत पळालं आणि तिथल्या एका गोठ्यात अडीच महिने राहिलं. "हे पाह्यलेलं हाय," अप्पा म्हणाले. "एवढंच सांगा. एवढं लई झालं." तेव्हा ते दहा वर्षांचे होते.

त्यांच्याकडे शाळेतली दोनशे पानी रेघी वही होती. प्रत्येक पानावर उभी रेघ मारलेली. डावीकडे 'पाहिले', उजवीकडे 'ऐकले'. दुकानात सत्तरीच्या पुढचं कुणीही आलं, की साखर तोलता तोलता अप्पा ॲक्शनचा विषय काढत, आणि गिऱ्हाईक गेलं की त्याचं बोलणं रकान्यात टाकत. उजवा रकाना भरून भरून वह्या संपत आल्या होत्या. डावा सगळा मिळून चार पानंसुद्धा नव्हता. वही बघून मला हसू आलं होतं, आणि नंतर वर्गात निबंध तपासताना मी स्वतःच समासात 'पाहिले की ऐकले?' असं लिहायला लागले.

या वहीपायी अप्पांनी एकदा भरसभेत पुढाऱ्याच्या भाषणाची गाडी अडवली. सतरा सप्टेंबरलाच. तालुक्याचे एक मोठे नेते ध्वजवंदनाला आले होते. आपल्याच गावच्या वेशीतून रणगाडे धडधडत आले, असं त्यांनी हात उंचावून सांगितलं. खाली लिंबाखालून बारीक आवाज आला, "रणगाडे न्हवते, साहेब. तीन ट्रक अन् एक जीप. त्यातला एक ट्रक ओढ्यात रुतला, त्यो काढायला आमचीच बैलं लागली." सगळी शाळा खिदळली. नेत्यांनी सावरून घेतलं आणि पुढे मुक्तिदात्या ट्रकांवर बोलू लागले. अप्पांचा काही खवचटपणा नव्हता. रणगाडे आले नव्हते, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

ते लिंबाखाली बसत, हे मात्र खटकण्यासारखं होतं. त्यांची जागा मंचावर होती. त्यांचे वडील विश्वनाथअप्पा हे गावाचे ॲक्शनमधले नायक. हद्दीपलीकडून फौजेला वाट दाखवत तेच आले होते, आणि नाक्यावर त्यांनीच रझाकार पकडून दिला होता. दरवर्षी या घराण्याचा फेटा, शाल आणि नारळाने सत्कार व्हायचा, आणि दरवर्षी अप्पा चुलतभावाला मंचावर पाठवून स्वतः खाली पोरांत बसायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "फेट्यानं डोस्कं खाजतं."

विश्वनाथअप्पांनी पकडून दिलेल्या माणसाचं नाव मदारसाब. निजामाच्या जकात खात्याला तेव्हा करोडगिरी म्हणत. हद्दीवर त्या खात्याचा नाका होता आणि मदारसाब तिथे शिपाई होता. फौजेने त्याला ट्रकमध्ये बसवून नेलं. पुढे तो आलाच नाही. तापाने गेला म्हणतात, पळताना गेला म्हणतात, कुठेतरी दूर जाऊन राहिला असंही म्हणतात. हे सगळं उजव्या रकान्यातलं.

त्याचा मुलगा चाँदभाई ॲक्शनच्या वेळी सहा महिन्यांचा होता. आईने लोकांच्या रानात खुरपून त्याला वाढवला. पुढे ते आमच्याच शाळेत शिपाई झाले आणि मी यायच्या आधी निवृत्तही झाले. पण झेंडा मात्र अजून तेच बांधायचे. फुलं घालून घडी करायची आणि एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारायची, हे दुसऱ्या कुणाला जमत नसे. नव्या शिपायाने एका प्रजासत्ताक दिनाला गाठ मारली होती, तेव्हा मुख्याध्यापक दोरीला लोंबकळले तरी झेंडा उघडला नव्हता. तेव्हापासून पुन्हा चाँदभाई. सतरा सप्टेंबरलासुद्धा चाँदभाईच. ते दोरी सरळ करत असायचे आणि माईकवरून त्यांच्या बापाला पकडल्याची गोष्ट चाललेली असायची. गाव दुष्ट नव्हतं. त्यांच्या घरी ईदचा शिरखुर्मा प्यायला अर्धी आळी जायची. पण खूण सांगताना मात्र सहज म्हणायचं, "त्या रझाकाराच्या घराच्या अंगानं वळा."

संध्याकाळी झेंडा उतरवल्यावर घडी घालायला दोघं लागतात. बहुतेक वेळा दुसरं टोक मी धरायचे. "ताना, बाई, ताना," एवढंच चाँदभाई बोलायचे. मीही कधी विचारलं नाही, की सकाळचं भाषण ऐकताना तुम्हाला काय वाटतं. अप्पांच्या खोल्यांत राहूनही मी ते विचारलं नाही.

अप्पा वर्तमानपत्र उलटीकडून वाचायचे, म्हणजे आधी परदेशाचं पान. जगात कुठे ना कुठे कुणाची फौज कुणाला सोडवायला गेलेली असायचीच. अप्पा ते पान दुकानाच्या उंबऱ्यावर पसरून बसायचे आणि मला शाळेतून येताना अडवायचे.

"बाई, ही फौज ह्या गावात शिरली. तिला रस्ता कुनी सांगितला?"

"त्यात नाही लिहिलेलं."

"न्हाई ना? कधीच लिवत न्हाईत."

एकदा मी चिडून म्हटलं, "अप्पा, तुमचं म्हणणं तरी काय? फौज यायला नको होती?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "आवो, यायलाच पायजे हुती! न्हाई आली असती तर मी आज ह्या फळीवर न्हाई. गोठ्यात आमी रोज वाट बघत हुतो. पन फौजेला गावातलं काय कळतंय? तिला समदी मानसं सारखीच. तिला बोट दाखवनारा लागतो. फौजेचं तुमी चांगलं लिवता, वाईट लिवता. बोट दाखवनाऱ्याचं कोन लिवतंय?"

मग वर्तमानपत्राची घडी घालून ते तूर पाखडायला बसले.

मी रुजू झाल्याच्या सातव्या वर्षी ग्रामपंचायतीने ठराव केला, की शाळेच्या मैदानात मुक्तिसंग्रामाची शिळा बसवायची. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. मजकूर अर्थातच बाईंनी लिहायचा. मी हौसेने लिहिला. मला त्यातलं तिसरं वाक्य आजही पाठ आहे, कारण ते विसरता यावं असं फार वाटतं. 'श्री. विश्वनाथअप्पा यांनी रझाकार मदारसाब यास धैर्याने फौजेच्या ताब्यात दिले.' सरपंच खूश झाले. मी कागद अप्पांना दाखवला. वडिलांचं नाव दगडात कोरलं जाणार, त्यांना बरं वाटेल, असं मला वाटलं होतं.

अप्पांनी तो दोनदा वाचला. तिसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे पाह्यलं का ऐकलं?"

"सगळं गाव म्हणतं, अप्पा."

"गाव दारं लावून घरात हुतं. नाका गावापसून दीड मैल. तिथं गावातलं कोन हुतं? गावानं ट्रक आत येताना बघितला अन् त्यात मदारसाब बसलेला बघितला, एवढंच."

"मग तुम्ही कुठे होता?"

"मी लहान हुतो," म्हणून अप्पा आत निघून गेले. तागडीत कुणाचीतरी अर्धवट तोललेली साखर तशीच राहिली.

चार दिवसांनी सकाळीच त्यांनी माझ्या दारावर टकटक केली. हद्दीपलीकडच्या गावातून लग्नाचा बाजार करायला आलेल्या एका माणसाने सांगितलं होतं, की त्याची आजी याच बाजूची, ॲक्शनच्या आधी नाक्यावरून पळून तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. "बाई, आईतवार हाय. चलता का?" त्यांनी लिंगपूजा उरकली होती. धडप्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधली होती, आणि वही काखेत होती. आम्ही एस.टी.ने फाट्यापर्यंत गेलो आणि पुढे बाजरीच्या रानातून चालत. सबंध वाटेत अप्पांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. त्याचीच मला धास्ती वाटायला लागली.

सोनाबाई ऐंशीच्या असतील. ओट्यावर बसून मुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्या पळून आल्या तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्ष झालं होतं. अप्पांनी नाक्याचं नाव काढताच म्हणाल्या, "मदारचा नाका व्हय?"

"त्यो रझाकार हुता का?" अप्पांनी विचारलं. आवाज नेहमीपेक्षाही बारीक.

"रझाकार?" म्हातारीने शेंग खाली ठेवली. "दिस कलायला लागला की त्यो नाक्याच्या मागं चटई हातरायचा. आमाला म्होरल्या मानसांनी सांगून ठिवलं व्हतं, त्यो नमाजाला बसला की निघा. आमी निघालो. पाच गाड्या. शेळ्या वरडत्यात, पोरं रडत्यात, चाकं करकरत्यात. अन् त्यो आपला आमच्याकडं पाठ करून बसलेला. येवढा येळ कुनी नमाज पढतंय का? मी वळून वळून बघत व्हते. आमची शेवटची गाडी पार झाली तवा त्यो उठला अन् चटई झटकली."

"तुमी सोता पाह्यलं?"

"मंग? ह्याच डोळ्यांनी. आमच्या आदी आन् आमच्या मागून किती गेली असतील, द्येवाला ठावं."

"अंगात काय हुतं त्याच्या?"

"खाकी कोट. छातीवर पितळंचा बिल्ला. लई घासून लख्ख ठिवायचा."

अप्पांनी वही उघडली. डाव्या रकान्यावर बोट ठेवून ती माझ्याकडे सरकवली, आणि मी लिहून दिलं. परतताना बाजरीच्या बांधावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. मी म्हटलं, "अप्पा, आता हे सरपंचांना सांगू. वाक्य काढून टाकू." माझाच जीव शरमेने अर्धा झाला होता. आपण काहीही न बघता एका माणसाला दगडात रझाकार करून ठेवायला निघालो होतो, आणि तेसुद्धा शुद्धलेखन तपासून.

सरपंच ऐकून घेईनात. माणूस वाईट नव्हता, पण शिळा तोवर कोरून झाली होती. "एका म्हातारीच्या बोलन्यावर? अन् अप्पा, तुमच्याच बापाचा मान हाय. तुमीच कावून खोडायलात? नाक्यावर त्यानं चार गाड्या सोडल्या असतील, पन ॲक्शनच्या दिवशी त्यो हत्यार घिऊन उभा नसंल कशावरून? त्या दिवशीचं कुनी पाह्यलंय?"

मी अप्पांकडे पाहिलं. आता ते काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. अप्पा उठले, चपला घातल्या आणि दुकानात जाऊन बसले. त्यांचा मला राग आला. सगळ्या गावाला प्रश्न विचारणारा माणूस वेळेला गप्प बसतो म्हणजे काय? पुढचे आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

सतरा सप्टेंबरला मैदानात चिखल होता. शिळेवर भगव्या कापडाचा पडदा लावला होता. चाँदभाईंनी झेंडा बांधला, मुख्याध्यापकांनी दोरी ओढली, झेंडा एका झटक्यात उघडला आणि फुलं पडली. मग सत्काराची नावं सुरू झाली. अप्पांच्या घराण्याचं नाव आलं तसा चुलतभाऊ सवयीने उठला. तेवढ्यात लिंबाखालून अप्पा उठून चालू लागले. पोरांनी वाट करून दिली. त्यांनी फेटा बांधू दिला नाही, नारळ टेबलावर ठेवला आणि माईकपाशी गेले. माईक त्यांच्या तोंडाच्या वर होता. कुणालाही तो खाली करायचं सुचलं नाही, म्हणून ते टाचा उंचावून बोलले.

"मदारसाब रझाकार न्हवता. नाक्याचा शिपाई हुता. त्याच्या हातात हत्यार न्हवतं. नाक्याच्या चाव्या हुत्या."

मंचावर कुजबुज झाली. सरपंच अर्धवट उठले. तेव्हा झेंड्याच्या खांबापासून चाँदभाईंचा आवाज आला. मोठा नव्हता, पण मैदान इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेला.

"अप्पा, हे पाह्यलं का ऐकलं?"

अप्पा त्यांच्याकडे वळले. माईक बाजूला राहिला.

"पाह्यलं," ते म्हणाले. "चाँद, मी पाह्यलं. मी जीपमदी हुतो, बाबाच्या मांडीवर. हद्दीवरून बाबा वाट दाखवायला निघाला तवा मी लई रडलो, म्हनून मला संगं घेतलं. शिपायांनी मला बिस्कीट दिलं. मी जल्मात पयल्यांदा बिस्कीट खात हुतो. नाक्यावर तुझा बाप उभा हुता. कोट घातलेला, बिल्ला घासलेला. सरकार बदलायलंय, तर नव्या सरकारच्या हातात नीट चाव्या द्याव्या म्हनून त्यो पूर्न ड्रेस करून आलता. त्यानं सलाम केला. फौजेच्या साहेबानं इचारलं, रझाकार कौन? म्होरं एकच मानूस खाकीतला. बाबाचं बोट गेलं."

टेबलाची कड धरून ते पुढे बोलू लागले.

"भ्याला म्हनून गेलं का चुलत्याला मारल्याच्या रागानं गेलं, ते मला आजून म्हाईत न्हाई. बाबा मदारचाचाला वळखत हुता. मी पन वळखत हुतो. मी म्हनायला पायजे हुतं, बाबा, ह्ये तर मदारचाचा हायेत. पन माझ्या तोंडात बिस्कीट हुतं. चाचानं माझ्याकडं बघितलं. मी चावत राह्यलो. मंग मला तिथंच उतरवून मळ्यात मामाकडं धाडलं, म्हनून गावानं मला त्या जीपमदी पाह्यलं न्हाई. बाबानं सांगितलं, कुनाला बोलू नगं. बाबा जाऊन चाळीस वर्सं झाली, तरी मी बोललो न्हाई. मी दुसऱ्यांला इचारत बसलो. कुनी दुसऱ्यानं पाह्यलं आसंल तर त्यानं सांगावं, मला सांगावं लागू नये, म्हनून इचारत बसलो."

चाँदभाईंनी खांबाला गुंडाळलेली दोरी सोडली, परत गुंडाळली. हात ओले नव्हते तरी पायजम्याला पुसले आणि फाटकातून बाहेर निघून गेले. कुणी त्यांना हाक मारली नाही.

शिळेचं काय झालं ते इथेच सांगून टाकते. त्या दिवशी पडदा उघडलाच नाही. दिवाळीच्या सुट्टीत पाथरवट बोलावून तिसरी ओळ घासून काढली. ग्रॅनाइट तेवढ्या जागी खरखरीत झाला. अजूनही तिथे पाच बोटं रुंद फिकट पट्टा आहे, आणि नवी पोरं शिक्षकांना विचारतात, इथे काय लिहिलं होतं. शिक्षक सांगतात. सरपंचांनीच तसं सांगायला बजावलेलं आहे. अप्पांनी सगळ्या वह्या मला दिल्या आणि शेवटची स्वतःकडे ठेवली. दोन वर्षांनी ते गेले तेव्हा माझी बदली होऊन मी बीडला आले होते, त्यामुळे अंत्यदर्शन झालं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. पण डोळ्यांपुढे येतात ते मात्र त्याच सतरा सप्टेंबरच्या संध्याकाळचे.

मी झेंडा उतरवायला मैदानात गेले होते. चाँदभाई येतात की नाही याची खात्री नव्हती, पण ते वेळेवर आले. दोरी सोडली, झेंडा हळूहळू खाली घेतला आणि खांद्यावर टाकला. घडीसाठी टोक धरायला मी पुढे झाले, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. ते फाटकाकडे बघत होते.

फाटकाबाहेर अप्पा उभे होते. डोक्यावर टोपी नव्हती, ती त्यांनी हातात धरली होती. आत यायचं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. किती वेळ उभे होते कोण जाणे. पायांना वाळलेला चिखल होता.

चाँदभाईंनी झेंडा खांद्यावरून काढला, दोन टोकं आपल्या हातात घेतली आणि उरलेली दोन फाटकाच्या दिशेने पुढे केली.

"तिथं कावून उभे राह्यलात, अप्पा?" ते म्हणाले. "हिकडून कोन धरनार?"